नेटवर्कवरील ध्वनी आणि आभासी साउंडकार्ड : स्थापना, जुळणी आणि दक्षता

गोव्यातून गाणगापूरला जाणाऱ्या दत्तभक्तांना कलबुर्गी जिल्हा परका नाही. त्याच्या उत्तरेस बिदर जिल्हा लागतो. तेथे हुमनाबादजवळ माणिकनगर येथे माणिकप्रभूंचे (१८१७–१८६५) संस्थान आहे. आणि पूर्वी हुमनाबाद तालुक्यात मोडणारे चिटगुप्पा हे गाव आता स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झाले आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा प्रदेश हैदराबाद राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. मराठी, कन्नड, दखनी आणि तेलुगू या भाषा येथे शेजारी नांदतात. माणिकप्रभूंची पदेही मराठीपुरती मर्यादित नाहीत, ती कन्नड आणि हिंदीतही आहेत. अशा सीमाभागातील भजन, कीर्तन, पदगायन यांचा मोठा भाग कागदावर नसतो. तो गाणाऱ्यांच्या गळ्यात असतो, आणि गळा थांबला की चालही थांबते.

हा ठेवा जपण्यासाठी हल्ली बहुतेक ठिकाणी मोबाइल वापरला जातो. मोबाइलमधील ध्वनिमुद्रणात गायक, टाळ, पखवाज, पेटी आणि श्रोत्यांचा गलबला एकत्र मिसळतो. पखवाजाच्या थापेखाली शब्द बुडाला तर तो मागाहून वर काढणे जवळजवळ अशक्य असते. याउलट प्रत्येक माईकचा आवाज स्वतंत्र ट्रॅकवर साठवला, तर दहा वर्षांनीही केवळ गायकाचा आवाज ऐकून शब्द उतरवून घेता येतात. असे बहुट्रॅक ध्वनिमुद्रण पूर्वी शहरातील स्टुडिओपुरते होते. आता डिजिटल मिक्सर, एक लॅपटॉप आणि एक नेटवर्क केबल एवढ्यावर ते मंडपातही साधते. या साखळीतील लॅपटॉपकडचा दुवा म्हणजे आभासी साउंडकार्ड. त्याची ओळख, स्थापना आणि जुळणी यांची माहिती या लेखात दिली आहे. विवेचन ठोस व्हावे म्हणून चिटगुप्प्यातील एखाद्या रात्रभर चालणाऱ्या भजनाचे कल्पित उदाहरण घेतले आहे. परंतु वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहाला, जत्रेतील नाटकाला किंवा चर्चमधील गायनवृंदालाही तीच पद्धत लागू पडते.

आभासी साउंडकार्ड म्हणजे काय?

साउंडकार्ड हे संगणकातील ध्वनीचे प्रवेशद्वार. माईककडून आलेला विद्युत् संकेत ते अंकांत बदलते आणि संगणकातील अंक पुन्हा संकेतात बदलून स्पीकरकडे धाडते. अनेक माईक एकाच वेळी संगणकात घ्यायचे असतील तर तितक्या जोडण्या असलेला वेगळा इंटरफेस विकत घ्यावा लागतो.

नेटवर्क ध्वनीच्या पद्धतीत हे रूपांतर संगणकाबाहेरच, म्हणजे मिक्सरमध्ये किंवा रंगमंचावरील पेटीत होऊन गेलेले असते. लॅपटॉपपर्यंत ध्वनी पोहोचतो तो अंकांच्या पाकिटांच्या रूपात, साध्या ईथरनेट केबलमधून. मग संगणकात इंटरफेसची गरज उरत नाही. गरज असते ती एका सॉफ्टवेअरची, जे नेटवर्कवरून येणारी पाकिटे गोळा करील, क्रमाने लावील आणि ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रामला ‘मी एक साउंडकार्ड आहे’ असे भासवील. हेच आभासी साउंडकार्ड. प्रोग्रामच्या यादीत ते इतर साउंडकार्डांसारखेच दिसते. हाताला लागेल असे त्यात काहीच नसते.

थोडी पार्श्वभूमी

ईथरनेटची कल्पना १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडली. ते जाळे संगणकांतील माहितीसाठी होते. माहितीचे पाकीट अर्धा सेकंद उशिरा आले तरी पत्र वाचता येते, गाणे मात्र तुटते. म्हणून ध्वनीसाठी ईथरनेट वापरण्यास वेगळ्या व्यवस्था घडवाव्या लागल्या. १९९६ मध्ये पीक ऑडिओ या अमेरिकी कंपनीने कोब्रानेट आणले. २००६ मध्ये सिडनी येथे ऑडिनेट ही कंपनी स्थापन झाली आणि तिची डान्टे ही पद्धत पुढे मिक्सर बनवणाऱ्या अनेक कंपन्यांनी स्वीकारली. २०१० मध्ये जर्मनीतून रॅव्हेना ही पद्धत आली. निरनिराळ्या पद्धतींना एकमेकींशी बोलता यावे म्हणून ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने २०१३ मध्ये एईएस ६७ हे प्रमाण प्रसिद्ध केले.

भारतात भाड्याने मिळणाऱ्या मिक्सरांपैकी यामाहाच्या सीएल आणि क्यूएल मालिकांत डान्टे अंगचेच असते. बेहरिंगर एक्स ३२ सारख्या मिक्सरमध्ये त्यासाठी वेगळे कार्ड बसवावे लागते. या लेखातील कृती मुख्यतः ऑडिनेटच्या ‘डान्टे व्हर्च्युअल साउंडकार्ड’ या सॉफ्टवेअरला धरून आहे. शेवटी अन्य पर्यायांचा उल्लेख केला आहे.

आधी गरज तपासा

लॅपटॉप मिक्सरच्या शेजारीच ठेवायचा असेल आणि मिक्सरला बहुचॅनेल यूएसबी जोडणी असेल, तर आभासी साउंडकार्डाची आवश्यकताच नाही. एक्स ३२ सोबत येणाऱ्या यूएसबी कार्डावरून ३२ चॅनेल थेट लॅपटॉपमध्ये घेता येतात. तो मार्ग स्वस्त आणि सोपा आहे.

आभासी साउंडकार्ड उपयोगी पडते ते पुढील परिस्थितींत. मिक्सर मंडपाच्या टोकाला आणि ध्वनिमुद्रणाची जागा देवळाच्या ओवरीत असेल, तर यूएसबी केबल तेथवर पोहोचत नाही. ईथरनेटची केबल १०० मीटरपर्यंत चालते. एकच ध्वनी ध्वनिमुद्रण, थेट प्रक्षेपण आणि दुसऱ्या सभागृहातील स्पीकर अशा तीन ठिकाणी न्यायचा असेल, तर नेटवर्कवर तो वाटून देता येतो. मुख्य आणि राखीव असे दोन लॅपटॉप एकाच वेळी तेच चॅनेल साठवू शकतात. परत न घडणाऱ्या कार्यक्रमासाठी हा शेवटचा लाभ सर्वांत मोलाचा आहे.

साहित्याची यादी

पहिली वस्तू डान्टे असलेला मिक्सर किंवा रंगमंचावरील पेटी. दुसरी, गिगाबिट ईथरनेटचे सॉकेट असलेला लॅपटॉप. नव्या पातळ लॅपटॉपांना हे सॉकेट नसते. त्यासाठी यूएसबीला लागणारा गिगाबिट अडॅप्टर घ्यावा. तिसरी, गिगाबिट स्विच. मिक्सर आणि एकच लॅपटॉप असेल तर दोहोंमध्ये सरळ केबल टाकूनही काम भागते. चौथी, कॅट ५ई किंवा कॅट ६ दर्जाच्या केबल, आणि त्यांपैकी एक तरी जास्तीची. पाचवी, यूपीएस. मिक्सर, स्विच आणि लॅपटॉप ही तिन्ही साधने त्यावर हवीत. वीज गेल्यानंतर जनरेटर सुरू होईपर्यंतच्या क्षणात स्विच बंद पडला, तर लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालू राहूनही त्याच्याकडे ध्वनी येणार नाही.

वाय-फायचा विचारही करू नये. हे सॉफ्टवेअर वायरलेस जोडणी स्वीकारत नाही, आणि त्यामागे कारण आहे. वाय-फायवरील पाकिटे कधी लवकर, कधी उशिरा पोहोचतात. चित्रपट पाहताना ते खपते, कारण तेथे काही सेकंदांचा साठा आधीच करून ठेवलेला असतो. येथे तो साठा अवघ्या काही सहस्रांश सेकंदांचा असतो.

नेटवर्कवरील भार मात्र वाटतो तितका नसतो. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या दर्जाच्या एका चॅनेलला पाकिटांच्या वेष्टणासह सेकंदाला सुमारे दीड मेगाबिट लागतात. सोळा चॅनेलांना २४ मेगाबिट झाले. गिगाबिट जोडणीची क्षमता १००० मेगाबिट आहे. अडचण क्षमतेची नसते, नियमितपणाची असते.

स्थापना

पहिले पाऊल घरी, इंटरनेट असलेल्या ठिकाणी उचलावे. ऑडिनेटच्या संकेतस्थळावर खाते उघडून सॉफ्टवेअर उतरवून घ्यावे आणि परवाना घ्यावा. हे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते. त्याचा परवाना त्या त्या संगणकाशी जोडला जातो आणि तो कार्यान्वित करताना इंटरनेट लागते. गावात पोहोचल्यावर, मंडपात उभे राहून, मोबाइलच्या क्षीण जोडणीवर परवाना कार्यान्वित करण्याची वेळ येऊ देऊ नये. सोबत ‘डान्टे कंट्रोलर’ हा दुसरा प्रोग्रामही उतरवावा. तो विनामूल्य आहे. साउंडकार्ड हे दार आहे, तर कंट्रोलर हा कोणता आवाज कोणत्या दारातून न्यायचा हे ठरवणारा नकाशा आहे. एकावाचून दुसऱ्याचा उपयोग नाही.

स्थापनेच्या वेळी संगणकाच्या प्रशासकाचा अधिकार असलेल्या खात्यातून प्रवेश केलेला असावा. विंडोजच्या फायरवॉलने परवानगी विचारल्यास ती द्यावी. वेगळा अँटिव्हायरस बसवला असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असू शकते; तेथेही या दोन प्रोग्रामांना मोकळीक द्यावी. मॅकवर गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रामला मायक्रोफोन वापरण्याची मुभा द्यावी लागते. ती नसेल तर सर्व काही बरोबर दिसूनही ट्रॅक मुका राहतो. शेवटी संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा.

त्यानंतर लॅपटॉपची तयारी. वीजबचतीची योजना बंद करून पूर्ण क्षमतेची योजना निवडावी. झाकण मिटल्यावर किंवा ठरावीक वेळाने झोपी जाण्याची सोय बंद करावी. वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावेत. विंडोजची अद्ययावतीकरणे आदल्या दिवशी पूर्ण करून कार्यक्रमाच्या रात्रीपुरती थांबवावीत. ईथरनेट अडॅप्टरच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘एनर्जी एफिशियंट ईथरनेट’ किंवा ‘ग्रीन ईथरनेट’ असे नाव दिसले तर तेही बंद करावे. ही सोय रहदारी कमी झाली की जोडणीला क्षणभर डुलकी घेऊ देते आणि त्यामुळे पाकिटांची लय बिघडते. काही स्विचांतही ती असते. ती बंद करता येत नसेल तर तो स्विच ध्वनीसाठी वापरू नये.

साउंडकार्डाची जुळणी

सॉफ्टवेअर उघडल्यावर एक लहान खिडकी दिसते. तिच्यात ‘स्टार्ट’चे बटण आणि काही पर्याय असतात. पर्याय बदलायचे असतील तर साउंडकार्ड थांबवलेले असावे लागते. चालू स्थितीत ते बदलता येत नाहीत.

पहिला पर्याय जोडणीच्या प्रकाराचा. विंडोजवर एएसआयओ आणि डब्ल्यूडीएम असे दोन मार्ग असतात. एएसआयओ ही श्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ मध्ये आणलेली पद्धत. ती प्रोग्राम आणि साउंडकार्ड यांच्यामधील विंडोजचे ध्वनिस्तर टाळते, त्यामुळे विलंब कमी होतो. बहुट्रॅक ध्वनिमुद्रणासाठी हीच निवडावी. मात्र या मार्गाने एका वेळी एकच प्रोग्राम साउंडकार्ड वापरू शकतो. व्हिडिओ प्रक्षेपणाचे किंवा बैठकीचे सॉफ्टवेअर एएसआयओ ओळखत नसेल, तर डब्ल्यूडीएम निवडावे. मॅकवर हा प्रश्न येत नाही. तेथे कोअर ऑडिओ ही एकच व्यवस्था आहे.

दुसरा पर्याय चॅनेलांच्या संख्येचा. ४८ किलोहर्ट्झवर जाण्यासाठी ६४ आणि येण्यासाठी ६४ एवढी मर्यादा मूळ आवृत्तीत आहे. मोठा आकडा दिसतो म्हणून तो निवडू नये. चौदा माईक असतील तर १६ चॅनेल पुरेत. जास्तीचे चॅनेल संगणकावर विनाकारण भार टाकतात.

तिसरा पर्याय नेटवर्क जोडणीचा. लॅपटॉपला एकाहून अधिक जोडण्या असतील तर मिक्सरची केबल जेथे लावली आहे तीच निवडावी. चौथा पर्याय नमुनादराचा. तो मिक्सरच्या दराशी तंतोतंत जुळला पाहिजे. मिक्सर ४८ किलोहर्ट्झवर आणि साउंडकार्ड ४४.१ वर असेल तर जोडणी होणारच नाही. पाचवा पर्याय विलंबाचा. तेथे ४, ६ आणि १० मिलिसेकंद असे आकडे मिळतात. त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

आयपी पत्त्याची चिंता सहसा करावी लागत नाही. पत्ते वाटणारा राउटर नसेल तर साधने १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते स्वतःच घेतात आणि एकमेकांना शोधून काढतात. एका साधनाला हाताने पत्ता देणे आणि दुसऱ्याला आपोआप घेऊ देणे, असे मिश्रण मात्र टाळावे. ती साधने एकमेकांना दिसत नाहीत, आणि दोष केबलमध्ये शोधण्यात वेळ जातो.

आवाजांची वाट जोडणे

आता डान्टे कंट्रोलर उघडावा. त्यात एक चौकट दिसते. वरच्या बाजूस आवाज पाठवणारी साधने आणि डावीकडे आवाज घेणारी साधने. मिक्सरचा पहिला चॅनेल लॅपटॉपच्या पहिल्या चॅनेलला जोडायचा असेल तर त्या दोघांच्या छेदावरील चौकोनावर टिचकी द्यावी. हिरवी खूण आली की वाट जोडली गेली. हीच कृती सोळा वेळा करावी.

या टप्प्यावर नावे देण्याचा कंटाळा करू नये. साधनाच्या नावात इंग्रजी अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढेच चालते आणि त्याची लांबी ३१ अक्षरांपर्यंत असू शकते. चॅनेलांनाही ‘मुख्य गायक’, ‘पखवाज’, ‘पेटी’, ‘टाळ डावे’ अशा अर्थाची छोटी नावे रोमन लिपीत द्यावीत. पहाटे चार वाजता काही बिघडले तर ‘चॅनेल सात’ कोणाचा हे आठवत बसण्यास सवड नसते.

जोडलेल्या वाटा साधने लक्षात ठेवतात. कंट्रोलर बंद केला तरी ध्वनी वाहत राहतो, कारण ध्वनी कंट्रोलरमधून जातच नाही. या वाटांची नोंद फाइल म्हणून साठवूनही ठेवता येते. त्याच संचाने पुढच्या गावी काम करायचे असेल तर ती फाइल अर्धा तास वाचवते.

एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या जोडणीने मिक्सरमधील कोणता आवाज नेटवर्कवर जावा हे ठरत नाही. ते मिक्सरमध्येच ठरवावे लागते. ध्वनिमुद्रणासाठी फेडरच्या आधीचा, कोणतीही प्रक्रिया न झालेला आवाज पाठवावा. अन्यथा मंडपातील शिट्टी थांबवण्यासाठी साऊंडवाल्याने एखादा फेडर खाली ओढला की ध्वनिमुद्रणातूनही तो गायक नाहीसा होईल.

एकच घड्याळ

नेटवर्क ध्वनीचा गाभा घड्याळात आहे. ४८ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने. प्रत्येक साधनात हे नमुने मोजणारा स्फटिक असतो, आणि कोणतेही दोन स्फटिक अगदी सारखे चालत नाहीत. दोहोंत दशलक्षात ५० भागांचा फरक धरला, तर एका तासात ०.१८ सेकंदाचे अंतर पडते. टाळ आणि शब्द यांच्यात एवढे अंतर पडले तर भजन ऐकवणार नाही.

म्हणून नेटवर्कवरील एक साधन घड्याळाचे नेतृत्व करते आणि इतर सर्व त्याच्याशी जुळवून घेतात. ही जुळणी प्रिसिजन टाइम प्रोटोकॉल या प्रमाणानुसार होते; २००२ आणि २००८ अशा त्याच्या दोन आवृत्त्या येथे महत्त्वाच्या आहेत. डान्टे मुळात पहिली वापरते, एईएस ६७ दुसरी. नेता कोण हे साधने आपापसांत ठरवतात. हवे असल्यास कंट्रोलरमध्ये मिक्सरला पसंतीचा नेता म्हणून नेमता येते. चिटगुप्प्याच्या उदाहरणात तसे करणे श्रेयस्कर, कारण मिक्सर शेवटपर्यंत चालू असणार हे निश्चित असते.

येथे अनेकजण एका गोष्टीत अडखळतात. आभासी साउंडकार्ड स्वतः घड्याळाचे नेतृत्व करीत नाही. त्यामुळे केवळ दोन लॅपटॉप एकमेकांना जोडून, दोहोंवर हे सॉफ्टवेअर चालवून, ध्वनी वाहणार नाही. नेटवर्कवर किमान एक खरे डान्टे साधन लागते. घरी सराव करताना ‘काहीच ऐकू येत नाही’ असे वाटण्यामागे बहुधा हेच कारण असते.

विलंब किती असावा?

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांत तो साडेतीन मीटरही ओलांडत नाही. मंडपातील पहिल्या रांगेतील श्रोत्याला गायकाचा आवाज याहून उशिरा पोहोचतो. केवळ ध्वनिमुद्रण करायचे असेल तर विलंबाची भीती बाळगण्याचे कारण नाही. थेट १० मिलिसेकंद निवडावे. साठा जितका मोठा तितकी उशिरा आलेल्या पाकिटाला सामावून घेण्याची शक्यता अधिक.

४ मिलिसेकंदाचा पर्याय तेव्हा लागतो, जेव्हा लॅपटॉपमधून आवाज पुन्हा मिक्सरकडे जाऊन गायकाच्या कानी पडणार असतो. त्या वेळीही हा आकडा एकटा नसतो. ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रामचा स्वतःचा बफर, २५६ किंवा ५१२ नमुन्यांचा, त्यात मिळवावा लागतो. ४८ किलोहर्ट्झवर ५१२ नमुने म्हणजे जवळपास ११ मिलिसेकंद. आवाजात टकटक किंवा तुटकपणा आला तर आधी हा बफर वाढवावा, नंतर नेटवर्कचा विलंब.

ध्वनिमुद्रण आणि साठवण

रीपर किंवा आर्डर यांसारख्या बहुट्रॅक प्रोग्राममध्ये साउंडकार्ड म्हणून ‘डान्टे व्हर्च्युअल साउंडकार्ड’ निवडावे, सोळा ट्रॅक तयार करावेत आणि प्रत्येकाला त्याचा चॅनेल द्यावा. पातळी ठरवताना सर्वांत मोठ्या आवाजालाही शून्य डेसिबलच्या खाली दहा-बारा डेसिबलची मोकळी जागा राहील असे पाहावे. पहाटेच्या गजरात गायक आणि टाळकरी दोघेही रंगात येतात आणि सायंकाळच्या चाचणीत न दिसलेली उंची गाठतात.

जागेचा हिशेब आधी करावा. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर एका चॅनेलला सेकंदाला १४४ किलोबाइट लागतात. सोळा चॅनेलांना तासाला सुमारे ८.३ गिगाबाइट झाले. आठ तासांच्या रात्रभजनाला ६६ गिगाबाइट, तर वास्कोच्या सप्ताहासारख्या अखंड २४ तासांना सुमारे २०० गिगाबाइट लागतील. डिस्कवर याच्या दुप्पट जागा मोकळी असावी.

साध्या वेव्ह फाइलचा आकार ४ गिगाबाइटहून अधिक होऊ शकत नाही, हेही स्मरणात असावे. सोळा चॅनेल एकाच फाइलमध्ये साठवले तर ही मर्यादा अर्ध्या तासात गाठली जाते. प्रत्येक माईकची स्वतंत्र मोनो फाइल केली तर आठ तास सहज निघतात. तरीही मध्यांतरात एकदा थांबवून नवी फाइल सुरू करणे शहाणपणाचे. एक फाइल बिघडली तरी सारी रात्र जात नाही.

अडचणी आणि त्यांचा क्रम

बिघाड झाला की माणूस सर्वांत गुंतागुंतीच्या कारणाकडे धावतो. क्रम उलटा ठेवावा.

कंट्रोलरमध्ये साधनच दिसत नसेल तर प्रथम केबल आणि स्विचवरील दिवे पाहावेत. मग साउंडकार्ड सुरू आहे का, योग्य जोडणी निवडली आहे का, फायरवॉल आड येत आहे का, आणि शेवटी आयपी पत्ते. साधन दिसते पण हिरवी खूण येत नसेल तर नमुनादर तपासावा. हिरवी खूण आहे पण आवाज नाही, असे असेल तर मिक्सरमधून तो चॅनेल नेटवर्ककडे पाठवला आहे का ते पाहावे, आणि मग प्रोग्राममधील निवड. आवाज येतो पण तुटतो, असे असेल तर विलंब वाढवावा, वीजबचत बंद आहे याची खात्री करावी आणि स्विचला लागलेली इतर रहदारी काढून टाकावी. कंट्रोलरच्या घड्याळविषयक पानावर एखादे साधन जुळलेले दिसत नसेल, तर तेथेच मूळ आहे असे समजावे.

सीसीटीव्ही, देवस्थानच्या कार्यालयातील संगणक आणि ध्वनी यांना एकाच स्विचवर बसवू नये. कलबुर्गी-बिदरकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तापलेला लॅपटॉप आपला वेग आपणच कमी करतो आणि आवाज तुटू लागतो. त्याला सावली आणि खालून हवा मिळेल अशी जागा द्यावी.

अन्य पर्याय

डान्टेवाचून दुसरे मार्ग नाहीत असे नाही. मर्जिंग टेक्नॉलॉजीज या स्विस कंपनीने रॅव्हेना आणि एईएस ६७ साठी आभासी ध्वनिसाधन उपलब्ध केले आहे. लिनक्सवरील पाइपवायरमध्येही एईएस ६७ चा आधार आहे. मिक्सर कोणत्या पद्धतीचा आहे हे पाहून निवड करावी, कारण डान्टे व्हर्च्युअल साउंडकार्ड एईएस ६७ चे प्रवाह घेत नाही. ते डान्टेशीच बोलते. डान्टे मिक्सर नसेल आणि केवळ एका विंडोज संगणकाचा आवाज दुसऱ्याकडे न्यायचा असेल, तर व्हॉइसमीटर या सॉफ्टवेअरमधील व्हीबॅन ही सोय पुरेशी ठरते. तिला खऱ्या ध्वनिसाधनाच्या घड्याळाची अट नाही. मात्र बहुट्रॅक ध्वनिमुद्रणातील काटेकोरपणाची अपेक्षाही तिच्याकडून ठेवू नये.

रंगीत तालीम आणि नंतरचे कर्तव्य

कार्यक्रमापूर्वी एक तास सलग चाचणी ध्वनिमुद्रण करावे. पाच मिनिटांच्या चाचणीत घड्याळाचा दोष किंवा तापमानाचा परिणाम उघड होत नाही. ध्वनिमुद्रण झाल्यावर तेच ट्रॅक उलट दिशेने मिक्सरकडे पाठवून ऐकावेत. माईक समोर नसतानाही आवाजाची पातळी लावता येते, हा या व्यवस्थेचा आणखी एक उपयोग आहे. चाचणीच्या वेळी एकदा मुख्य वीज मुद्दाम बंद करून यूपीएस साथ देतो का हेही पाहावे. आणि सर्व काही ठीक चालले असले तरी मिक्सरच्या स्टिरिओ आवाजाची एक प्रत पेन ड्राइव्हवर वा वेगळ्या रेकॉर्डरवर घेत राहावी. सोळा ट्रॅक गेले तरी दोन उरतील.

गायकांची संमती आधी घ्यावी, आणि ती केवळ ध्वनिमुद्रणापुरती आहे की प्रसारणासाठीही, हे स्पष्ट विचारावे. कार्यक्रम संपताच फाइलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर करावी आणि त्या दोन डिस्क वेगवेगळ्या घरी ठेवाव्यात. सोबत एक साधी नोंद असावी : दिनांक, गाव, गाणाऱ्यांची नावे, पदांचे पहिले शब्द, प्रत्येक ट्रॅकवर कोण आहे आणि कोणते पद कोणत्या भाषेत आहे. जेथे एकाच रात्री मराठी अभंगामागून कन्नड पद गायले जाऊ शकते, तेथे ही नोंद नसेल तर पुढच्या पिढीतील ऐकणाऱ्याला अर्धा ठेवा ओळखताही येणार नाही. सॉफ्टवेअर आवाज वेगवेगळे ठेवू शकते; ते कोणाचे आहेत हे लिहून ठेवण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागते.